बाससाठी रॉड घेताय? आधी ल्युअर ठरवा, रॉड मागून

यंदा गणपतीच्या जेवणाला तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, दादा बाससाठी कुठला रॉड घेऊ. बास म्हणजे इकडच्या तळ्यांतला गोड्या पाण्यातला मासा, आणि रॉड म्हणजे त्याला गरवायची काठी. पंगतीत वाढता वाढता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण ते अर्धवटच राहिलं, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी दुकानातून फोटो पाठवला, साडेसात फुटी हेवी रॉड, खाली लिहिलेलं "टेक्सासचे बास मोठे असतात ना, म्हणून हाच घेतोय". त्याला थांबवलं आणि म्हटलं आता हे एकदा बसून नीट लिहूनच काढू, म्हणजे पुढच्या माणसाचे तरी पैसे वाचतील.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, मूळ अलिबागकडचा. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो ते बांबूची काठी, तंगूस, एक गरी आणि कोळंबीचा तुकडा एवढ्यावर. तिथे काठीला फारसं काही करावं लागत नाही, आमिष खरं असतं, मासा येतो, चाखतो, गिळतो, आपल्याला वेळ मिळतो. ल्युअरचं तसं नाही. ल्युअर म्हणजे खोटं आमिष, प्लॅस्टिकचं नाहीतर लाकडाचं नाहीतर रबराचं, ते लांब फेकायचं, पाण्यात जिवंत असल्यासारखं हलवायचं, आणि बासने तोंडात घेतल्यावर त्याला खोटेपणा कळून तो थुंकायच्या आत गरी रुतवायची. बास तोंड उघडतो आणि पाण्यासकट ल्युअर आत ओढतो, नाही पटलं की तसंच बाहेर फेकतो, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. फेकणं, हलवणं, रुतवणं ही तिन्ही कामं रॉडची, आणि प्रत्येक ल्युअरला ती वेगळ्या तऱ्हेने करून लागतात. म्हणून नुसता "बासचा रॉड" असं काही नसतं. टेक्सास रिगचा (गरी लपवलेलं रबरी आमिष) रॉड असतो, क्रँकबेटचा (रील फिरवत ओढायचं, माशाच्या आकाराचं कडक ल्युअर) असतो, फ्रॉगचा (रबरी बेडूक) असतो, आणि काही रॉड दोन-तीन कामं बऱ्यापैकी करतात.

आता तो मोठा मासा म्हणून हेवी रॉडचा गैरसमज आधी काढूया. जगातला सगळ्यात मोठा लार्जमाउथ बास २२ पौंड ४ औंसांचा, जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. म्हणजे जेमतेम दहा किलो. टेक्सासचा रेकॉर्ड १८.१८ पौंडांचा, १९९२ चा, लेक फोर्कमधला. आणि तुम्ही-आम्ही घरामागच्या तळ्याकाठी उभे राहून जे पकडतो ते एक ते तीन पौंडांचे, पाच पौंडी लागला तर आठवडाभर फोटो दाखवत फिरतो. एवढा मासा मिडीयम रॉडवर आरामात येतो. रॉडची ताकद माशाच्या वजनावरून ठरत नाही, ती ठरते गरी किती जाड आहे आणि मासा कशातून ओढून काढायचाय यावरून. उघड्या पाण्यातला चार पौंडी बास बारीक रॉडवरही दमवून आणता येतो, पण तोच बास गवतात घुसला, पाण्यातल्या वाळक्या झाडाला लाईन (म्हणजे आपला तंगूस) गुंडाळली, तर मग रॉडमध्ये जोर पाहिजे. लेक फोर्क हे १९८० च्या सुमाराचं धरण, पाणी भरताना आतली झाडं पुष्कळ ठिकाणी तशीच उभी ठेवलेली, त्यामुळे तिथले लोक जाड रॉड वापरतात, आणि त्यांचे व्हिडिओ बघून आपण आपल्या सोसायटीच्या तळ्यासाठी तोच रॉड आणतो. गडबड इथे होते.

रॉडवरची ती बारीक ओळ

रॉड हातात घेतला की हँडलच्या जरा वर बोटभर जागेत बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते. दुकानात निम्मे लोक ती वाचतच नाहीत, रंग बघतात, हलवून बघतात आणि घेतात. माझ्यासमोर आत्ता जो आहे त्यावर लिहिलंय, ७ फूट, एमएच, फास्ट, लाईन १२ ते २० पौंड (लाईन किती ताण सोसते ते), ल्युअर ३/८ ते १ औंस. या एका ओळीत सगळं आलं.

एमएच म्हणजे मिडीयम हेवी, ही पॉवर, म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. अल्ट्रालाईटपासून सुरू होते, मग लाईट, मिडीयम लाईट, मिडीयम, मिडीयम हेवी, हेवी, एक्स्ट्रा हेवी. बाससाठी बहुतेक सगळं काम मिडीयम लाईट ते हेवी यांच्यामध्ये होतं. एक लक्षात ठेवा, या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एकच माप नाही, एका कंपनीचा मिडीयम दुसरीच्या मिडीयम हेवीएवढा कडक निघू शकतो, म्हणून अक्षरापेक्षा ल्युअरच्या वजनाच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवा.

फास्ट ही अ‍ॅक्शन, म्हणजे रॉड कुठून वाकतो. एक्स्ट्रा फास्ट आणि फास्ट रॉड वरच्या टोकाशीच वाकतात, खालचा भाग काठीसारखा ताठ राहतो. मॉडरेट अर्ध्यापासून वाकतो. स्लो तर जवळजवळ हँडलपर्यंत, कमानीसारखा. नाव फास्ट आहे म्हणून त्याचा माशाच्या किंवा रील (लाईन गुंडाळायची चकरी) फिरवायच्या स्पीडशी संबंध लावू नका, वाकून परत सरळ व्हायला किती वेळ लागतो त्यावरून ते नाव पडलंय. पॉवर आणि अ‍ॅक्शन या वेगळ्या गोष्टी आहेत, हेवी पॉवरचा मॉडरेट रॉडही असतो आणि लाईट पॉवरचा फास्टही असतो. नवीन माणूस हमखास या दोन्हींची सरमिसळ करतो.

आणि शेवटचा आकडा, ल्युअरचं वजन, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत सगळं औंसात चालतं, त्याला घाबरू नका, आपला भाजीबाजारातला हिशोबच आहे, १/८ म्हणजे अदपाव औंस साडेतीन ग्रॅम, पाव औंस सात ग्रॅम, अर्धा औंस चौदा, पाऊण औंस एकवीस, एक औंस अठ्ठावीस ग्रॅम. फेकताना रॉड मागे नेऊन पुढे आणतो तेव्हा ल्युअरच्या वजनाने रॉड वाकला पाहिजे आणि सुटताना त्या वाकाने ल्युअरला ढकललं पाहिजे, गोफणीसारखं. ल्युअर हलकं पडलं तर रॉड वाकतच नाही, मग कितीही जोर लावा, ल्युअर वीस-तीस फुटांवर टपकन पडतं आणि खांदा दुखतो. ल्युअर फार जड झालं तर टोक लुळं पडतं, नेम जातो, आणि कधीतरी रॉड तुटतो. दिलेल्या रेंजचा मधला भाग हा त्या रॉडचा खरा आवाका, दोन्ही टोकं नुसती निभावून नेण्यापुरती.

इथे एक बारकावा आहे जो मला उशिरा कळला. टेक्सास रिगच्या वजनाच्या पाकिटावर पाव औंस लिहिलेलं असतं ते फक्त शिशाच्या गोळीचं वजन. त्यावर गरी आली, सात इंची रबरी वर्म (गांडूळ) आली, सगळं मिळून अर्ध्या औंसाच्या पुढे जातं. म्हणून टेक्सास रिगचं वजन धरताना पूर्ण बांधणीचं धरा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर सरळ त्यावर ठेवून बघा, बायकोला विचारून. मी माझ्या डब्यातली सगळी ल्युअर एका रविवारी मोजून काढली, तेव्हा लक्षात आलं की पंधरापैकी अकरा ल्युअर पाव ते पाऊण औंसात बसतात. रॉड निवडायचं निम्मं काम तिथेच झालं. तुम्हीही दुकानात जायच्या आधी हेच करा, डबा उघडा आणि वजनं लिहा. डबाच नसेल तर आधी चार-पाच ल्युअर ठरवा, कारण रॉड त्यांच्यासाठी घ्यायचाय.

गरी उघडी आहे की लपलेली, हे बघा

ल्युअर शेकड्याने आहेत पण रॉडच्या दृष्टीने मी त्यांच्याकडे एकाच प्रश्नाने बघतो, गरी कशी आहे.

पहिली तऱ्हा, एकच जाड गरी, आणि तीही रबरात लपवलेली. टेक्सास रिग म्हणजे हेच, पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन, मागे तीन-शून्य किंवा चार-शून्य नंबरची वाकडी गरी आणि तिचं टोक वर्मच्या अंगात खुपसलेलं, म्हणजे गवतात, फांदीत अडकत नाही. बास ते तोंडात घेतो, लाईनवर टक-टक असं दोनदा जाणवतं किंवा लाईन नुसती बाजूला सरकायला लागते, आणि मग तुम्ही झटका मारता. त्या झटक्याने गरीने आधी रबर फोडायचंय, मग बासच्या टाळूत शिरायचंय, आणि हे सगळं साठ फुटांवरून. मऊ रॉड असेल तर तुमचा सगळा झटका रॉड वाकण्यात खर्च होतो, गरीपर्यंत पोचतच नाही. म्हणून इथे मिडीयम हेवी आणि फास्ट. टोक मऊ म्हणून टक-टक कळतं, खालचा भाग ताठ म्हणून झटका पोचतो. जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याची झालरवाली जाड गरी, तिलाही हाच रॉड. स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं ल्युअर) आणि चॅटरबेटलाही (थरथरत्या पात्याचं) हाच चालतो, जरा मऊ मिळाला तर अजून बरं.

दुसरी तऱ्हा, तीन काट्यांच्या बारीक उघड्या गऱ्या, ज्यांना ट्रेबल हुक म्हणतात. क्रँकबेट, जर्कबेट (हिसके देत ओढायचं लांबट ल्युअर), पाण्यावर चालणारी बरीचशी टॉपवॉटर ल्युअर यांना पोटाखाली आणि शेपटीला अशा दोन गऱ्या असतात. या आधीच उघड्या आणि धारदार, त्यांना झटका लागत नाही, लाईन ताणली की लागतात. पण काटा बारीक, जेमतेम कातडीत शिरलेला. आता बास उडी मारतो, तोंड उघडून डोकं हलवतो, आणि ताठ रॉड असेल तर प्रत्येक हिसक्याला गरीचं भोक मोठं होत जातं आणि शेवटी गरी निसटते. माझं पहिलं पूर्ण वर्ष असं गेलं. दुकानदाराने दिलेला हेवी फास्ट रॉड, त्यावर क्रँकबेट, आणि मासा लागायचा, एक उडी दिसायची, लाईन ढिली. एका मार्च महिन्यात सलग पाच बास असे गेले, त्यातला एक तर पायाशी आलेला, पाण्यात त्याचं पांढरं पोट दिसलेलं, अजून डोळ्यासमोर आहे. शेजारच्या म्हाताऱ्याने स्वतःचा फायबरग्लासचा लवलवता रॉड हातात दिला आणि म्हणाला यावर लाव तेच ल्युअर. फरक त्याच दिवशी कळला. मॉडरेट रॉड कमानीसारखा वाकतो आणि माशाचा प्रत्येक हिसका स्वतः गिळतो, गरीवर ताण एकसारखा राहतो. शिवाय रॉड जरा उशिरा प्रतिसाद देतो हेही इथे फायद्याचंच, बासला ल्युअर पूर्ण तोंडात घ्यायला तेवढी सवड मिळते, ताठ रॉडवर आपण घाई करून ल्युअर त्याच्या तोंडातून ओढून घेतो. म्हणून ट्रेबलवाल्या ल्युअरला मिडीयम किंवा मिडीयम हेवी पॉवर, पण अ‍ॅक्शन मॉडरेट किंवा मॉडरेट फास्ट.

तिसरी तऱ्हा, एकच बारीक तारेची छोटी गरी. ड्रॉप शॉट (वजन खाली, गरी त्याच्या वर), नेड रिग (छोट्या शिशाच्या डोक्यावर रबराचा आखूड तुकडा) असले नाजूक प्रकार, स्वच्छ पाण्यात किंवा थंडीत मासा सुस्त असताना कामाला येतात. लाईन सहा-आठ पौंडाची, ल्युअर अदपाव ते पाव औंस. झटका मारलात तर लाईन तुटेल किंवा गरी सरळ होईल, नुसतं रील फिरवत रॉड वर उचलायचा. इथे मिडीयम लाईट किंवा मिडीयम, फास्ट, आणि स्पिनिंगच.

चौथं एक खास प्रकरण म्हणजे फ्रॉग. पोकळ रबरी बेडूक, घट्ट हिरव्या शेवाळावरून ओढत न्यायचा, आणि बास खालून चटई फोडून वर येतो. तेव्हा मासा लागला की त्याच्यासोबत पाच पौंड गवतही ओढायचं असतं. फक्त इथे तो हेवी रॉड पाहिजे, सव्वासात फुटी, फास्ट, पन्नास ते पासष्ट पौंडाची ब्रेड (विणलेल्या धाग्यांची) लाईन. तुमच्या तळ्यावर अशी चटई नसेल तर हा रॉड घेऊच नका.

स्पिनिंग की बेटकास्टर

ही रील-रॉडची दोन घराणी आहेत आणि रॉड दोघांचे वेगळे, एकाचं रील दुसऱ्यावर नीट चालत नाही. स्पिनिंगमध्ये रील रॉडच्या खाली लटकतं, गाईड म्हणजे लाईन जाते त्या कड्या खालच्या बाजूला, आणि पहिली कडी चांगली मोठी असते कारण लाईन वेटोळी घेत सुटते. बेटकास्टरमध्ये रील वर बसतं, कड्या वर आणि छोट्या, खाली बोट अडकवायला बंदुकीच्या घोड्यासारखा खटका. बेटकास्टरमध्ये लाईनचा रूळ स्वतः फिरतो, ल्युअर पाण्यावर पडल्यावर अंगठ्याने थांबवला नाही तर तो फिरतच राहतो आणि लाईनचा असा गुंता होतो की सोडवायला अर्धा तास जातो.

पहिलाच रॉड असेल तर माझं स्पष्ट मत स्पिनिंग. हलकी ल्युअर फेकता येतात, वारा समोरून असला तरी गुंता कमी होतो, आणि तासाभरात हात बसतो. पाव औंसाच्या वर जड ल्युअर, जाड लाईन, झाडाझुडपांत नेमका टाकणं, हे सगळं बेटकास्टरवर जास्त चांगलं होतं यात वाद नाही, पण ते दुसऱ्या वर्षी.

तर एकच रॉड घ्यायचाय असा जो बहुतेकांचा प्रश्न असतो त्याचं माझं उत्तर, स्पिनिंग, पावणेसात ते सात फूट, मिडीयम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन, ल्युअर साधारण अदपाव ते पाऊण औंस. त्यावर दहा-पंधरा पौंडाची ब्रेड आणि पुढे पाच-सहा फूट आठ-दहा पौंडाची फ्लुरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारी पारदर्शक लाईन). यावर सेन्को (काडीसारखी सरळ रबरी वर्म) चालतो, हलकी टेक्सास रिग चालते, नेड रिग चालतो, छोटा क्रँकबेटही चालतो, फक्त ब्रेड ताणली जात नाही म्हणून क्रँकबेटच्या वेळी रीलचा ड्रॅग (माशाने ओढल्यावर लाईन सोडणारा ब्रेक) जरा ढिला ठेवा आणि झटका अजिबात मारू नका. दुसरा रॉड घ्याल तेव्हा सात फुटी मिडीयम हेवी फास्ट बेटकास्टर, आणि क्रँकबेटची आवड लागलीच तर तिसरा सात फुटी मिडीयम मॉडरेट. या तिघांत माझं पाच वर्षांचं सगळं काम झालंय.

लांबीचं फार डोकं लावू नका. लांब रॉड लांब फेकतो आणि झटक्याला जास्त लाईन ओढतो, आखूड रॉडने झाडाखाली, जेट्टीखाली नेमका टाकता येतो. सात फूट हा मधला मार्ग. उंची कमी असेल किंवा काठावर डोक्यावर फांद्या असतील तर साडेसहा घ्या. मुलांसाठी पाच ते साडेपाच फुटी, बटण दाबून सोडायचं स्पिनकास्ट रील, दुसरं काही नको, सातव्या-आठव्या वर्षी त्यांना फेकायला मिळालं पाहिजे, आपण बाजूला उभं राहून सोडवत बसायचं नाही.

दुकानात हातात घेतल्यावर

ऑनलाईन मागवू नका असं मी म्हणत नाही, पण पहिला रॉड तरी हातात घेऊनच घ्या. दुकानातलंच एखादं रील मागून घ्या आणि रॉडवर बसवून बघा, नुसता रॉड सगळाच हलका वाटतो. रील बसवल्यावर रीलच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोलून धरा, टोक खाली कोसळत असेल तर चार तासांनी मनगट बोलायला लागेल, कारण वर्म हलवताना टोक सतत वर धरायचं असतं. मग सोबतच्या माणसाला टोक धरून हळू खाली ओढायला सांगा आणि बघा कुठपर्यंत वाकतो, लिहिलेली अ‍ॅक्शन खरी की नाही ते दिसतं. छताला टोक टेकवून वाकवू नका, बरेच लोक करतात, टोकाशी असा कोन झाला की आत चीर जाते आणि ती नंतर पाण्यावर कळते.

मग एक डोळा मिटून हँडलकडून टोकाकडे बघा, बंदुकीचा नेम धरतो तसं, सगळ्या कड्या एका रेषेत पाहिजेत. कड्या मोजा, ढोबळ नियम असा की जितके फूट त्यापेक्षा टोकाची सोडून निदान एक जास्त, सात फुटीला आठ. कमी असल्या तर वाकल्यावर लाईन रॉडला घासते. प्रत्येक कडीच्या आत सिरॅमिकची चकती असते, तिच्यात कापसाचा बोळा फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे, ती चीर ब्रेड लाईन एका दिवसात खाऊन टाकते. फुजी कंपनीच्या कड्या असल्या तर चांगलं लक्षण, त्यातही एसआयसी म्हणजे सिलिकॉन कार्बाईडच्या फार टिकाऊ, पण साध्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडवरही ब्रेड व्यवस्थित चालते.

रॉड कशाचा आहे त्यावर दुकानात पुष्कळ मोठमोठे शब्द ऐकू येतील. ग्राफाईट म्हणजे कार्बन फायबर, हलका आणि संवेदनशील, तळातला खडा लागला तरी बोटाला कळतं, पण आडव्या माराने तुटतो. फायबरग्लास जड, लवचिक, दणकट. दोन्ही मिसळलेलाही येतो. वर्म-जिगसाठी ग्राफाईट, क्रँकबेटसाठी ग्लास किंवा मिश्र, आणि मुलांसाठी बिनधास्त मिश्र, अग्ली स्टिक सारखा, गाडीत फेकला, पाय पडला तरी टिकतो. आयएम सहा, आयएम सात असे आकडे लिहिलेले असतात ते मुळात एका कार्बन बनवणाऱ्या कंपनीची नावं आहेत, दर्जाचं सरकारी माप नव्हे, त्यावरून वीस डॉलर जास्त देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर पन्नास ते शंभर डॉलरमध्ये आज फार चांगला रॉड मिळतो. वीस डॉलरचा रॉड-रील सेट मुलासाठी ठीक, स्वतःसाठी नको, कड्या महिन्यात हलायला लागतात. दीडशेच्या पुढे हलकेपणा आणि संवेदना नक्की वाढते, पण पहिल्या वर्षी तो फरक हाताला कळत नाही, ते पैसे चांगली लाईन, धारदार गऱ्या आणि लांब नाकाच्या पकडीवर घाला.

एका तुकड्याचा की दोन तुकड्यांचा, हेही गाडी बघून ठरवा. सात फुटी अखंड रॉड बहुतेक सेडानमध्ये मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत तिरका बसतो, पण दोन बेबीसीट असतील तर विसरा. आताचे दोन तुकड्यांचे रॉड उत्तम असतात, जोड घट्ट दाबून जरा पीळ द्या आणि तासातासाने तपासा, फेकताना वरचा तुकडा उडून जायची वेळ येऊ नये.

तुटतो कुठे आणि कसा

मी पाहिलेले तुटलेले रॉड फार थोडे माशाने तोडलेत. गाडीचा दरवाजा, घरातला पंखा, गॅरेजचं दार, यांनीच जास्त. आणि पाण्यावर तुटतो तो एकाच कारणाने, मासा जवळ आला की माणूस रॉड सरळ डोक्यावर उभा करतो. रॉड आणि लाईन यांच्यातला कोन काटकोनापेक्षा लहान झाला की सगळा भार खालच्या जाड भागावरून उतरून टोकाच्या पेनएवढ्या भागावर येतो. माझा पहिला ग्राफाईट रॉड दोन पौंडांच्या बासने असाच गेला, उंच काठ होता, मी मासा रॉडनेच उचलून वर घ्यायला गेलो आणि टोकापासून दीड फुटावर फट्ट आवाज झाला. मासा जवळ आला की रॉड बाजूला झुकवा, खाली वाका आणि अंगठ्याने खालचा जबडा धरा, बासचे दात कानसेसारखे बारीक असतात, लागत नाहीत. उंच काठ असेल तर जाळी बाळगा.

लायसनचंही सांगून टाकतो. टेक्सासमध्ये १७ वर्षांपासून पुढे लागतं, नेहमीचं वार्षिक लायसन ३१ ऑगस्टला संपतं हे बघून घ्या, आणि स्टेट पार्कच्या आत काठावरून किंवा धक्क्यावरून मासेमारी करायला लायसन लागत नाही, म्हणून नवीन माणसाला मी पहिल्यांदा तिथेच नेतो. राज्यात साधारण नियम दिवसाला पाच आणि किमान १४ इंच असा आहे पण लेक फोर्कसारख्या ठिकाणी वेगळा आहे, तिथे १६ ते २४ इंचांमधला बास सोडूनच द्यावा लागतो, म्हणून त्या त्या तळ्याचा नियम वाचून जा.

दोघांनी गावी न्यायचंही विचारलं होतं. तो सात फुटी मिडीयम हेवी फास्ट रॉड रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांत जिताड्याला आणि तांबोशीला छान लागतो, जिताडाही बाससारखाच तोंड उघडून ओढून घेतो आणि खारफुटीच्या मुळांकडे पळतो, त्यामुळे तिथे ताठ रॉडच पाहिजे. विमानासाठी तीन-चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घ्या, आणि तिकडे लेबलवर औंसाऐवजी ग्रॅम असतील, दहा ते तीस ग्रॅमचा बघा. खाऱ्या पाण्यातून आलं की त्याच संध्याकाळी रॉड-रील गोड्या पाण्याने धुवायचं, दुसऱ्या दिवशी नाही, कड्यांच्या पायाशी गंज तिथूनच धरतो.

आणि रॉड घरी आणला की लगेच तळ्यावर पळू नका. गरी नसलेलं अर्ध्या औंसाचं रबरी वजन दुकानात दोन डॉलरला मिळतं, ते बांधा, मागच्या अंगणात चाळीस फुटांवर एक बादली ठेवा आणि अर्धा तास फेका. मग पाव औंसाचं बांधून फेका, मग पाऊण औंसाचं. कुठल्या वजनाला रॉड स्वतःहून ढकलतो आणि कुठल्याला तुम्हालाच जोर लावावा लागतो ते हाताला कळेल, तो आकडा मार्करने हँडलवर लिहून ठेवा.